दोन अंगठ्यांचा हात

गिऱ्हाइकाला माल विकला जाऊ नये म्हणून घसा कोरडा करणारा दुकानदार नागपुरात, जरीपटक्याच्या बाजारात मी एकच पाहिला. दामाजीकाका. माझ्या कुकर-मिक्सर दुरुस्तीच्या टपरीला लागूनच त्यांची जागा. वर ताडपत्री, मागे भिंत आणि त्या भिंतीवर सुताने विणलेले हातच हात. तळहाताच्या मधोमध एक टपोरा डोळा. नजर लागू नये म्हणून लोक दारावर, गाडीत, पाळण्यावर टांगतात ना, तो हात. वारा सुटला की अख्खी भिंत रस्त्याला टाटा करायची. एकदा तर सिटी बस थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "एवढे लोक हात दाखवून राहिले तर थांबा नाई लागन का?" तुम्हाला खोटे वाटत असेल, तर बस थांबली होती एवढे तरी खरे धरा. ती पंक्चर होती.

हे सगळे मी पूर्वी उभा राहून, हातवारे करून सांगायचो. पानठेल्यावर लोक हातातले पान खायचे विसरायचे. आता शब्द तेच निघतात, पण कुकरच्या शिट्टीतला भात काढावा तसे मी ते एकेक काढून ठेवतो.

काका तांडापेठेतल्या विणकराच्या घरातले. बाप लुगडी विणायचा, आजा लुगडी विणायचा. काकांनीही तीस वर्षे विणली. मग लुगडी नेसणाऱ्या बाया म्हाताऱ्या झाल्या, सूत घेणारे-देणारे बंद झाले, आणि एक दिवस माग खोलून त्याची लाकडे घराबाहेर गेली. माग गेला, पण काकांचा उजवा हात गेला नाही. बोलता बोलता तो हवेत मागाचा धोटा फेकायचा. एक झटका इकडून, एक झटका तिकडून. नवा माणूस घाबरून मागे सरकायचा, त्याला वाटायचे म्हातारा चापट मारतो की काय.

दुसरी सवय अशी की समोर आलेल्या माणसाच्या सदऱ्याची कड दोन बोटांत धरून चोळायची. ओळख नंतर, कापड आधी. "पॉलिस्टर हाये. घामानं जीव जात असन तुमचा." हे त्यांनी एकदा घोड्यावर बसलेल्या नवरदेवाला सांगितले होते. वरात त्यांच्यासमोर अडली होती, नवरदेवाची शेरवानी हाताशी आली, यांनी चोळली. नवरदेव खरोखर घामाने निथळत होता. माझ्या हिशेबाने घोडाही.

या हातांच्या धंद्यात ते पडले ते एका चुकीमुळे. बाजारातले मोहनसेठ म्हणून एक शोभेच्या वस्तूंचे व्यापारी होते. त्यांनी काकांना मोबाइलवर या हाताचे चित्र दाखवले आणि लग्नसराईसाठी पन्नास हात विणून मागितले. काकांनी लाकडी चौकटीवर उभ्या सुताचा ताणा चढवला आणि महिनाभर मान वर केली नाही. पन्नास हात तयार झाले. रंग असे की भिवापूरच्या मिरचीने लाजावे. मोहनसेठनी गठ्ठा सोडला आणि ते खाली बसले.

"दामाजी, ये क्या किया?"

"का झालं?"

"दो अंगूठे थे इसको. दोनों बाजू में एक एक. दूसरा किधर गया?"

काका म्हणाले, "सेठ, तुमच्या फोटोत चूक होती. छापणाऱ्यानं करंगळीच्या जागी बी अंगठाच छापला होता. मी दुरुस्त करून देल्ली."

पन्नासच्या पन्नास दुरुस्त! विणकराला नमुन्यातली चूक दिसली की ती पुढे विणायची नाही, हे त्यांच्या घरातले वळण. बापाने म्हणे एकदा एका काठातला मोर दुरुस्त केला होता, त्याला तीन पाय होते. पण हा हात मुळातच दोन अंगठ्यांचा असतो, दोन्ही बाजू सारख्या. तो डावाही नाही, उजवाही नाही. सेठनी गठ्ठा परत केला.

काकांना पैसे गेल्याचे दुःख झाले नाही, न तपासता विणल्याची लाज वाटली. आणि ते तपासायला निघाले. दोन अंगठ्यांपायी त्यांनी अर्धे नागपूर पालथे घातले. मोमिनपुऱ्यातल्या एका म्हाताऱ्या अत्तरवाल्याने सांगितले, हा बीबी फातिमाचा हात. एका निवृत्त इतिहासाच्या मास्तरांनी सांगितले, यहुदी लोक यालाच मिरियमचा हात म्हणतात. पण तो या दोघांपेक्षाही जुना, इतका की पहिल्यांदा कोणी काढला हे छातीठोक कोणालाच सांगता येत नाही. भिवापूरला दिलेल्या मुलीने फोनवर वाचून दाखवले की त्याच्या अरबी नावाचा अर्थ फक्त 'पाच'. काका दीड महिन्याने परत आले ते पंडित होऊन. दोन अंगठ्यांचे हात विणले, भिंत भरली, आणि गिऱ्हाइकांच्या दुर्दैवाला सुरुवात झाली.

"काका, हा मुसलमानांचा आहे का?" कोणी विचारायचे.

"त्याहीचा हाये."

"मग आपल्याला चालत नाही?"

"तुमच्या घरी वास्तूच्या दिवशी भिंतीवर हळदीचा हात उमटवते का नाई? तो कोणाचा हाये? हात माणसाचा असते बाई."

एक मॅडम आल्या. बोटे खाली असली की पैसा येतो आणि वर असली की संकट थांबते, असे त्यांनी कुठे तरी ऐकले होते. त्यांना दोन्ही हवे होते. काकांनी हात घेतला, आधी वर धरला, मग खाली धरला, आणि शांतपणे म्हणाले, "लोक दोन्हीकडून टांगते. अर्थ मागून चिकटवले. संकटाले वाचता येते का मॅडम, बोटं कुठं हाये म्हून?" मॅडम गेल्या. एकाला वाटायचे तळहातावरचा डोळा म्हणजेच वाईट नजर. काका म्हणायचे, "अरे बावा, चोराचा फोटो कोणी दारावर लावते का? तो डोळा पहारेकरी हाये." कोणी सांगायचे की हात दुसऱ्याने भेट दिला तरच लागू पडतो, स्वतः घेतला तर नाही. त्यावर काका म्हणायचे, "मंग मी उपाशी मरतो ना गा!" आणि सगळ्यांना शेवटी एकच गोष्ट ऐकावी लागायची. "हे पाहा, हा कोणालेच वाचवत नाई. जुन्या लोकायले एकमेकायची काळजी वाटे, ते त्याहीनं असं काढून ठेवलं. सूत हाये. शोभेले न्या, आठवणीले न्या. भरोशानं नेऊ नका."

एवढे ऐकून दहातले सात जायचे. उरलेले तीन बहुतेक बहिरे असावेत.

निवडणुकीच्या दिवसांतली गोष्ट तर मी आजवर पाचशे लोकांना सांगितली असेल. आचारसंहिता लागली. सगळ्या फलकांवर कापडे चढली. तपासणीला फिरणारा एक तरुण साहेब जीपमधून उतरला तो थेट काकांच्या भिंतीसमोर. चाळीस हात! त्याला वाटले एका पक्षाचे प्रचार कार्यालयच उघडले.

"हे झाका."

"काहून?"

"निशाणी आहे."

"साहेब, त्या हाताले अंगठे किती?"

साहेबाने स्वतःच्या हाताकडे पाहिले. "एक."

"आता हे मोजा."

साहेबाने मोजले. एक हात मोजून त्याचा विश्वास बसेना, म्हणून दुसरा मोजला. मग तिसरा. मी शपथेवर सांगतो, त्या माणसाने चाळीस हातांचे ऐंशी अंगठे मोजले आणि वहीत लिहिले. तोवर काकांनी त्याच्या सदऱ्याची कड दोन बोटांत धरली होती. "हे मात्र सुती हाये. चांगलं केलं." साहेब जाताना घरासाठी एक हात घेऊन गेला. त्यालाही भरोशाने नेऊ नका म्हणून सांगितलेच.

असा हा माणूस. पण एका घरी तो असे बोलत नव्हता. स्वतःच्या.

घरी गयाकाकू. त्यांनी सेठने परत केलेल्या पन्नासांतला एक हात उचलून आपल्या दारावर ठोकला होता, एकाच अंगठ्याचा. माग गेला त्यानंतर वर्षभर काका कुणाशी धड बोलत नव्हते. कुणाच्या गोदामावर राखण करून यायचे आणि भिंतीकडे तोंड करून निजायचे. त्यांनी पुन्हा काही विणले, त्यातला पहिला हात तो. मोहनसेठला तो चुकीचा वाटला, काकूंना नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला काकू सांगायच्या, "यायनं विणला तो. तवापासून घरात साधा ताप नाई आला." काका ऐकायचे आणि मुकाट्याने चहा बशीत ओतायचे. बाजारात जगाशी भांडणारा माणूस तिथे पोळी खायला तोंड उघडे तेवढेच.

एका दुपारी ते माझ्या टपरीत येऊन स्टुलावर बसले. मी एका मिक्सरचे पाते काढत होतो.

"तुह्या काकूले छातीत गाठ हाये," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"मले परवा समजलं. तिले दिवाळीपासून मालूम हाये."

दिवाळी होऊन चार महिने झाले होते.

"मग दवाखान्यात न्या ना काका."

"येत नाई. म्हणते, दारावर तुमी विणलेला हात आहे ना, मले काय होते?"

त्यांचा हात हवेत उठला, पण धोटा काही फेकला नाही. तसाच खाली आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काकूंना खरे सांगितले. बाजारात रोज सांगायचे तेच सगळे: हे सूत आहे, हे कोणाला वाचवत नाही. काकू हसल्या म्हणे. "गिऱ्हाइकाले सांगाचं ते मले नका सांगू. तुमची सवयच हाये, आपल्या कामाले नावं ठेवाची." काका म्हणाले, शपथ घेतो. काकूंनी विषय बदलला आणि विचारले, भाजीत मीठ जास्त झाले का. आठ दिवस हे असे चालले. मी घरी जाऊन ओरडलो, मुलगी भिवापुराहून फोनवर रडली. काकूंनी आम्हा दोघांना जेवलात का म्हणून विचारले.

नवव्या दिवशी काका खोटे बोलले. मी तिथेच होतो, ताटावर. मला खोटे ऐकू आले की ओळखता येते, माझा तो रोजचा व्यवहार आहे. पण हे मला ओळखता आले नाही, इतके ते सपाट आवाजात आले.

"गया, आपल्याकडून एक चुकलं."

"काय चुकलं?"

"हा हात दारावर चढवाच्या आधी डॉक्टरले दाखवा लागते. घरच्या बाईनं सोता न्यावं, डॉक्टरनं त्याच्यावर हात ठेवावा आन् मंग त्याच हातानं बाईले तपासावं. मंग तो लागू होते. अत्तरवाल्यानं सांगतलं होतं. मी इसरलो."

काकूंच्या हातातली पळी थांबली.

"आन् हे तुमी आता सांगून राहिले?"

"इसरलो ना वं."

"इतके वर्सं अर्धाच लागू असलेला हात माह्या दारावर? माणसं आहे का कोण तुमी?" काकू इतक्या चिडल्या की वरण उतू गेले. सकाळी सात वाजता त्या लुगडे नेसून, हात कापडी पिशवीत घालून दारात उभ्या होत्या. "चला."

मी त्यांना ऑटोने नेले. सरकारी दवाखान्यातली रांग इतकी लांब की शेवटचा माणूस कामठीत उभा असावा. काकू रांगेत बसल्या आणि बसल्या-बसल्या त्यांनी शेजारच्या बाईला नियम सांगितला. तिने पुढचीला सांगितला. आमचा नंबर येईपर्यंत रांगेतल्या सगळ्या बायांना माहीत झाले होते की दारावरचा हात आधी डॉक्टरला दाखवून आणावा लागतो.

डॉक्टरीणबाई लहान वयाच्या, डोळ्यांखाली काळे. काकूंनी टेबलावर हात ठेवला. "बाई, आधी याच्यावर हात ठेवा. मंग मले तपासा."

डॉक्टरीणबाईंनी काकूंकडे पाहिले, मग मागे उभ्या काकांकडे. काकांनी दोन्ही हात जोडले होते. बाईंनी काही न विचारता पंजा त्या विणलेल्या पंजावर ठेवला, क्षणभर दाबला, आणि म्हणाल्या, "या, पडद्यामागे या."

ऑपरेशन झाले. मग औषधे, मग केस गेले, मग पुन्हा थोडे आले, बाळासारखे. दीड वर्ष काकू ठरलेल्या तारखेला न चुकता गेल्या. एकदाही 'का' म्हणाल्या नाहीत. डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या होत्या, चार महिने आधी आला असतात तर. पुढचे वाक्य त्यांनी पूर्ण केले नाही, आणि काकांनी पूर्ण करायला सांगितले नाही.

तो नियम मात्र गावभर झाला. काकू जिथे बसतील तिथे सांगत. उमरेडच्या बाया यायच्या, सावनेरच्या यायच्या, "दवाखान्यात दाखवाचा तो हात द्या" म्हणायच्या. काका एकेक काढून द्यायचे. दोन अंगठ्यांसाठी अर्धे नागपूर हिंडलेला माणूस, आणि त्याच्या घरातून निघालेले खोटे त्याच्याच भिंतीसमोर रांग लावत होते. त्यांनी त्याबद्दल मला कधी एक शब्द सांगितला नाही.

काकू ऑगस्टमध्ये गेल्या. मंगळवार होता. मी एका कुकरला रबर बसवत होतो, फोन आला, मी रबर बसवून झाकण लावून पाहिले, मग गेलो.

तेरवी झाल्यावर काका पुन्हा जागेवर येऊन बसले. विणत होते. दोन्ही बाजूला अंगठे, मध्ये डोळा, सगळे बरोबर. फक्त भांडण बंद झाले. बोटे खाली असली की पैसा येतो ना? "असन." परीक्षेला खिशात ठेवला की पास होते ना? "असन." सदऱ्याची कड धरणेही थांबले.

मला ते बघवेना. मी ठरवले की यांना चिडवायचे. मी एकापेक्षा एक थापा आणू लागलो. "काका, एक माणूस म्हणे हा हात भाडेकरूच्या दारावर उलटा टांगला की तो महिन्यात घर सोडते." "असन." "काका, हा हात म्हणे मूळचा आपल्या खाप्याचा. कन्हान नदीत सापडला, गोऱ्या साहेबानं चोरून नेला, तिकडून जगभर गेला." यावर पूर्वी त्यांनी मला अत्तरवाल्यापर्यंत ओढत नेले असते. "असन गा," म्हणाले आणि दोरा दाताने तोडला. "काका, रात्री या हाताची बोटं वाढते, मी सोता मोजले." त्यांनी माझ्याकडे पाहिले. रागावले असते तर मला चालले असते. त्यांनी नुसते पाहिले, आणि माझी सगळी थापांची पोतडी तिथेच रिकामी झाली.

पुढे हिवाळ्यात मुलगी येऊन त्यांना भिवापूरला घेऊन गेली. मी तेव्हा एका लग्नाला गेलो होतो, निरोप घेणे झाले नाही. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे जे शेवटचे काका आहेत ते त्याच्या आठवडाभर आधीचे.

दुपार होती. खाप्याहून आलेली एक बाई, चाळिशीची, सोबत कोणी नाही. ती भिंतीसमोर बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "बाबाजी, आमच्याकडे बाया सांगते का हा हात आधी डॉक्टरले दाखवा लागते. माहा नवरा म्हणते, हे सगळं झूट हाये. खरं हाये का?"

मी पाते घासता घासता थांबलो. मला वाटले, "असन" म्हणतील. किंवा एवढ्या दिवसांनी खरे बोलतील. खरे बोलायला त्यांना कोण अडवत होते?

काकांनी चौकट मांडीवरून खाली ठेवली. सूत नीट गुंडाळून बाजूला केले.

"नवऱ्याले काय समजते?" ते म्हणाले. "खरं हाये. मी सोता सांगून राहिलो."

"मंग सवडीनं..."

"सवडीनं नाई. आजच. इथून ऑटो भेटते. रांग लंबी असन, बसून राहा. हात डॉक्टरणीच्या टेबलावर ठेवाचा आन् सांगाचं, आधी याच्यावर हात ठेवा, मंग मले तपासा. तिनं नाई ठेवला त बी चालते. पण तपासल्याबिगर उठाचं नाई. हा नियम हाये."

त्यांनी भिंतीवरचा एक हात काढला, कागदात गुंडाळला आणि तिच्या पिशवीत घातला. तिने पदराची गाठ सोडायला घेतली, तर मान हलवून नको म्हणाले. मग आवाज खाली करून विचारले, "कुठं हाये दुखणं, माय?"

बाईने माझ्याकडे पाहिले.

"तू जाय गा, चहा पिऊन ये," काका मला म्हणाले.

मी गेलो. कोपऱ्यावरून मागे वळून पाहिले तेव्हा ती वाकून काहीतरी सांगत होती, आणि काका कान तिच्या तोंडाजवळ नेऊन ऐकत होते.